बाबांची नाणी आणि माझी भावजय

माझे बाबा बस कंडक्टर होते. तिकिटाच्या पैशांत एखादं जुनं नाणं आलं की त्याच्या बदली खिशातलं चालू नाणं पिशवीत टाकायचे आणि जुनं घरी आणायचे. पुढे नाद वाढला. सुट्टीच्या दिवशी जुन्या वस्तूंची दुकानं, प्रदर्शनं पालथी घालून त्यांनी तांब्याच्या शिवराया, राणीछाप रुपये, संस्थानांची नाणी जमवली. तेव्हा त्यांच्याबरोबर मी असायची. धाकटा भाऊ क्रिकेट खेळायला पळायचा. नाणं कडेला धरायचं, मधे बोट लागू द्यायचं नाही, हे मला पाढ्यांच्या आधी यायला लागलं. ती नाणी बाबांची आणि माझी, असं मी धरूनच चालले होते.

लग्न होऊन मी मुलुंडला आले. बाबा चारकोपलाच, भाऊ-भावजयीबरोबर. भावजय पॅथॉलॉजी लॅबमध्ये कामाला, माहेर गोवंडीचं. कमी बोलणारी, नीटनेटकी. डब्यांवरसुद्धा तारखेच्या चिठ्ठ्या लावणारी. माझं तिच्याशी भांडण असं कधीच नव्हतं.

दोन वर्षांपूर्वी त्यांच्या समोरच्या इमारतीत भरदुपारी घरफोडी झाली. तेव्हापासून बाबांच्या नाण्यांची काळजी तिने घेतली. लोखंडी जाळीचं दुसरं दार बसवलं, मागच्या खिडकीला ग्रिल लावून घेतलं. एकेका नाण्याचे दोन्ही बाजूंनी फोटो काढले, यादी केली. आल्यागेल्याला अल्बम दाखवायची बाबांची सवयही तिनेच मोडली. हे सगळं मला बाबांनी फोनवर कौतुकाने सांगितलं. मी म्हटलं, "चांगलं केलं हो तिने." आणि फोन ठेवल्यावर भाजी करपेपर्यंत ओट्याशी नुसती उभी राहिले.

पुढच्या रविवारी गेले, तेव्हा म्हटलं, "बाबा, अल्बम काढा ना."

बाबांनी आधी तिच्याकडे बघितलं. मग त्यांच्या मालवणीत मला म्हणाले, "आता थंय नाय गो ती. दुसरीकडे ठेवलीत."

"कुठे?"

"तुका कशाक व्हया? सांभाळून आसत."

भावजय म्हणाली, "ताई, जितक्या कमी लोकांना माहीत तितकं बरं, म्हणून." लोकांना. मी चहा न घेता निघाले. बाबांच्या त्या एका नजरेचा मला जेवढा राग आला, तेवढा तिने घर नावावर करून घेतलं असतं तरी आला नसता.

घरी येऊन एक जुना फोटो शोधला. कपाट उघडं, पलंगावर नाणी पसरलेली, बाबा आणि शेजारी दोन वेण्यांतली मी. नातेवाइकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, 'बाबांचा खजिना आणि त्याची पहिली राखणदार.' पन्नास-साठ माणसांचा ग्रुप. कोणी अंगठे पाठवले, कोणी विचारलं, अजून आहेत का गं ती नाणी? मी लिहिलं, आहेत तर, घरीच.

तासाभरात भावजयीचा फोन. "ताई, तो फोटो काढाल का? लोक पुढे पाठवतात. कपाटही दिसतंय."

"बघते," म्हटलं. काढला नाही. 'पहिली राखणदार' हेच तिला बोचलंय, अशी माझी समजूत. तिसऱ्या दिवशी काढला.

महिनाभराने एका लग्नासाठी ते सगळे कुडाळला गेले. मला सुट्टी मिळाली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्या शेजारीणबाईंचा फोन आला, की दाराचं कुलूप तोडलंय. रिक्षा करून पोचले, तर पोलीस आलेले. दोन्ही दारं उचकटलेली. बाकी घराला फारसा हात लावलेला नव्हता. कपाट तेवढं फोडलं होतं. अल्बम ज्या खणात असायचे तो खण उपसून पलंगावर पालथा घातला होता. 'दुसरीकडे' म्हणजे याच कपाटात दुसऱ्या खणात, असं मी समजून होते.

तिथे उभी असताना मनात जे आलं ते लिहायला लाज वाटते. बाबांचं कसं होणार, हे आधी आलं. पण त्याच्या पाठोपाठ आलं ते हे, की बरं झालं, आता तिच्याकडेही नाहीत.

मी भावजयीला फोन लावला. "सगळं फोडलंय. बाबांची नाणी गेली."

"नाही गेली, ताई. ती बँकेच्या लॉकरमध्ये आहेत. तुम्ही ठीक आहात ना? काही खाल्लंत का?"

लॉकर बाबांच्या आणि तिच्या नावावर. हे मला हवालदाराने विचारल्यावर भावाकडून फोनवर कळलं. चोरांना एक जुना मोबाईल आणि चांदीचं निरांजन मिळालं. चोर काही सापडले नाहीत. फोटोमुळेच आले की उगाच आले, हे मला कधी कळणार नाही.

ते सगळे लग्नाहून परतल्यावर पोलिसांनी विचारलं, घरात नाणी आहेत हे बाहेर कोणाला ठाऊक होतं? भावजय म्हणाली, "बाबा पूर्वी सगळ्यांनाच दाखवायचे." तेवढंच.

नंतर ती भांडी लावत असताना मी स्वयंपाकघरात गेले. "फोटोचं का नाही सांगितलंस?"

"सांगून काय होणार होतं?"

"मी मुद्दाम ठेवला होता गं. तुला दाखवायला, की मी तुझ्या आधीची आहे."

तिने हातातलं ताट पुसून मांडणीत लावलं. "ते कळलं होतं मला," म्हणाली. "पण बाबांना नका सांगू. आधीच झोपत नाहीत."

मी सांगितलं नाही. परवा बाबांनी आम्हा दोघींना बँकेत नेलं, माझंही नाव लॉकरला घालायला. ही कल्पना तिची होती, असं बाबांनी बँकेच्या पायरीवरच सांगून टाकलं. फॉर्मवर सही करताना मला आनंद व्हायला हवा होता. झालाही. पण बाबा उठताना त्यांनी हात पुढे केला तो तिच्याकडे. मी पेनाचं टोपण लावत बसले होते आणि त्या रविवारच्या नजरेचा राग पुन्हा वर आला.