टेपवरचा मुलगा

बाईंचा फोन आला तेव्हा मी त्यांना ओळखलंच नाही. त्या म्हणाल्या, "आपण ड्रम वाजवायचात ना? म्हणजे, आम्ही नको नको म्हणत असताना वाजवायचात." मग ओळखलं. आमच्या तरुणपणी त्या पुण्यात रेडिओवर युवकांचा कार्यक्रम करायच्या, आणि आमच्या रॉक बँडला त्यांनी काही वेळा स्टुडिओत बोलावून गाणी रेकॉर्ड केली होती. आता त्यांनी ऐंशी ओलांडली होती आणि त्या मुलीकडे कायमच्या राहायला निघाल्या होत्या.

"घर रिकामं करतेय. तुमच्या टेप माझ्या कपाटात आहेत. तिकडे रेडिओत त्या पुसून त्यावर दुसरं काहीतरी भरणार होते, म्हणून मी प्रती काढून ठेवल्या होत्या. न्यायच्या तर या. नाहीतर भंगारवाला येतोच आहे."

मी दुसऱ्याच दिवशी जाऊन त्या आणल्या. पिशवीत टेप गुंडाळलेली जुनी मोठी स्पूलं होती आणि त्यांना कपाटातल्या डांबरगोळ्यांचा वास येत होता.

आमचा बँड खडकीचा. माझे आणि माझ्या मित्राचे वडील एकाच कारखान्यात होते, क्वार्टर्सही समोरासमोर. मी जयंतीच्या मिरवणुकीत ताशा वाजवत मोठा झालो. त्याची आई विहारात गायची. तिचा आवाज मोठा आणि उंच होता, तोच त्याच्याकडे आला, म्हणून बँडमध्ये गायचा तो. कॉलेजात गिटारवाले दोघं भेटले आणि आम्ही इंग्रजी गाणी वाईट वाजवायला लागलो. बाईंनी अट घातली, "शब्द मराठी हवेत, नाहीतर येऊ नका." त्यामुळे मित्राने मराठी गाणी लिहिली. कारखान्याचा भोंगा, रात्रपाळीहून आलेला आणि दिवसा झोपलेला बाप, त्या झोपेपायी घरात कुजबुजत बोलणारी पोरं, असलं सगळं त्यात होतं. तेव्हा मराठीत रॉक म्हटलं की लोक हसायचे. आमचेच मित्र हसायचे.

बँड फुटला तो कुठल्या भांडणाने नाही. नोकऱ्या लागल्या, एवढंच. एक जण परदेशी गेला. लीड गिटारवाला पुढे कावीळ होऊन गेला. मी विम्याच्या ऑफिसात चिकटलो आणि मित्र एका सरकारी कार्यालयात. त्याने उशिरा लग्न केलं, मुलगी झाली, आणि ती चालायला लागायच्या आत त्याला घशाचा कॅन्सर निघाला. स्वरयंत्र काढावं लागलं. तेव्हापासून तो गळ्याला पाडलेल्या छिद्रातून श्वास घ्यायचा. त्यावर सुती रुमाल बांधलेला असायचा. ऑफिसात त्याला आवक-जावकमध्ये बसवलं, तिथे बोलावं लागत नाही म्हणून. गळ्याला लावून बोलायचं एक यंत्र मिळतं, ते त्याने घेतलं होतं. पण त्यातून निघणारा घरघरणारा, एकसुरी आवाज त्याला सहन व्हायचा नाही. यंत्र कपाटात पडून असायचं. घरात तो ओठ हलवायचा आणि बायको-मुलीला ते कळायचं. बाकीच्यांसाठी मोबाईलवर टाइप करायचा. कुणाला हाक मारायची तर टेबलावर, नाहीतर भिंतीवर बोटांनी टकटक करायचा.

टेपचं मी त्याला सांगितलं तेव्हा त्याने टाइप करून दाखवलं, "भंगारात दे."

वहिनी, म्हणजे त्याची बायको, चहा ठेवायला आत गेल्या. मुलगी तेव्हा अकरावीत होती. ती म्हणाली, "काका, त्यात बाबांचा आवाज आहे?"

"आहे की. त्याचाच तर आहे."

"मी कधी ऐकलाच नाहीये."

हे आमच्यापैकी कुणाच्याच डोक्यात आलं नव्हतं. त्याने तिच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे बघून हात हलवला. करा काय करायचं ते, असा.

बिबवेवाडीत एक तरुण मुलगा जुनी रेकॉर्डिंग साफ करून त्यांचे अल्बम काढतो असं कळलं होतं. गॅरेजच्या वरच्या मजल्यावर त्याचा छोटा स्टुडिओ. त्याने ओल धरलेल्या टेप मंद गरम करून सुकवल्या, साफ करून चालत्या केल्या आणि ऐकून तो वेडाच झाला. "सर, हे लोकांपर्यंत गेलंच पाहिजे. मराठीत त्या काळात असं कुणी केलंय हेच कुणाला माहीत नाही!" परवानग्यांचं सगळं त्यानेच बघितलं. त्याआधी एका रविवारी त्याने आम्हाला ऐकायला बोलावलं. मित्र आला नाही. मी, वहिनी आणि मुलगी गेलो.

पहिलं गाणं सुरू झालं आणि मला माझा ड्रम ऐकू आला, घोंगडी टाकून दबलेला, कारण बाईंनी तेव्हा तसंच वाजवायला लावलं होतं. मग तो गायला लागला. मी मुलीकडे बघत होतो. ती अगदी स्थिर बसली होती, परीक्षेला बसावं तशी. गाण्यांच्या मध्ये बाईंनी त्याच्याशी केलेल्या गप्पाही टेपवर होत्या. बाई विचारतात, "गाणं आपण कुठे शिकलात?" तो म्हणतो, "आईच्या मांडीवर. ती विहारात गायची आणि मी झोपायचो. झोपेतच शिकलो." आणि मोठ्याने हसतो. मग मला म्हणतो, "ए, तू कशाला हसतोस? तुला तर जागेपणीही काही शिकता आलं नाही."

मुलगी म्हणाली, "बाबा एवढं बोलायचे?"

"थांबायचाच नाही," मी म्हणालो.

वहिनी मध्येच उठून बाहेर गेल्या. मी मागे गेलो. त्या जिन्यात उभ्या होत्या, खाली गॅरेजमध्ये कुणीतरी स्कूटरला किक मारत होतं.

"भाऊजी, मला वाटायचं मला त्यांचा आवाज आठवतो," त्या म्हणाल्या. "रोज मनात ऐकू यायचा. आत्ता कळलं, तो हा नव्हताच. मी कुणाचा आवाज ऐकत होते इतकी वर्षं?"

मग त्या पदर सारखा करून आत गेल्या.

अल्बम काढायला मित्राने होकार दिला, पण एक अट घातली. गाणी लोकांना द्या, गप्पा द्यायच्या नाहीत. गप्पा घरच्या. त्या बिबवेवाडीच्या मुलाने मुलीच्या फोनमध्ये वेगळ्या भरून दिल्या.

अल्बम आला. आमच्या अपेक्षेपेक्षा जास्त लोकांनी ऐकला, बहुतेक सगळे आमच्या मुलांच्या वयाचे. मग बिबवेवाडीच्या त्या मुलाने डेक्कनजवळच्या एका कॅफेत श्रवणसत्र ठेवलं. खुर्च्या भरल्या होत्या, काही जण जमिनीवर बसले होते. मित्र आला. नवीन शर्ट, गळ्याला पांढरा रुमाल. गाणी वाजत होती आणि तो खाली मान घालून गुडघ्यावर ताल धरत होता. मला बरं वाटलं. वाटलं, चला, आपण काहीतरी चांगलं केलं.

चौथं-पाचवं गाणं संपल्यावर मागून एक पोरगा ओरडला, "सर, दोन ओळी लाइव्ह होऊन जाऊ देत ना! प्लीज!" आणि सगळे टाळ्या वाजवायला लागले. त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. अल्बमच्या कव्हरवर तसं काही लिहू नका असं मित्रानेच बजावलं होतं.

मी उठणार होतो. त्याने माझ्या हातावर हात ठेवला, स्वतः उभा राहिला आणि खिशातून ते यंत्र काढलं. ते त्याने सोबत आणलं असेल असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं. रुमाल थोडा बाजूला करून त्याने ते गळ्याला लावलं.

"आता एवढंच येतं," तो म्हणाला.

त्या घरघरत्या आवाजाला मागचे दोन-तीन जण हसले. त्यांना तो काहीतरी साउंड इफेक्ट वाटला असणार. एक जण "वॉव" म्हणाला. मग पुढच्या रांगेतल्या कुणाला तरी छिद्र दिसलं असावं, कारण शांतता पुढून मागे पसरत गेली. तो खाली बसला. बिबवेवाडीच्या मुलाला काय करावं कळेना, म्हणून त्याने पुढचं गाणं लावलं. तेच बापाच्या झोपेचं गाणं. ते संपेपर्यंत कुणी हललं नाही. मी त्याला रिक्षात बसवून घरी सोडलं.

पुढचं मला वहिनींनी सांगितलं. मुलीला टेपवरच्या आवाजाचं वेड लागलं होतं. आधी ती स्पीकरवर लावायची. दिवसभर घरात आपलाच आवाज ऐकून तो गच्चीवर जाऊन बसायला लागला, तेव्हा वहिनींनी तिला हेडफोन लावायला सांगितलं. मग ती कॉलेजातून आली की हेडफोन लावायची ते जेवणापर्यंत. तो टेबलावर टकटक करायचा. तिला ऐकू जायचं नाही. लहानपणापासून ती त्याच्या बोटांच्या आवाजाला झोपेतूनही उठायची. आता तो तिच्यासमोर जाऊन उभा राहायचा आणि ती दचकून हेडफोन काढायची.

थंडीत एके संध्याकाळी वहिनी भाजी आणायला गेल्या होत्या. आतल्या खोलीत त्याच्या गळ्याच्या छिद्रात कफाची खपली अडकली. त्याला ओरडता येणार नव्हतं. तो भिंतीवर हात आपटत राहिला. मुलगी बाहेरच्या खोलीत होती, हेडफोन लावून. भिंतीपलीकडच्या शेजाऱ्यांना ते आपटणं ऐकू आलं आणि त्यांनी येऊन बेल वाजवली. तीही तिने ऐकली नाही. शेवटी त्यांनी दार बडवलं तेव्हा तिला दार हललेलं दिसलं.

तो वाचला. मी हॉस्पिटलात पोचलो तेव्हा मुलगी बाकावर बसली होती. तिने फोन माझ्या हातात दिला आणि म्हणाली, "काका, सगळं डिलीट करा. मला कसं करायचं ते कळत नाहीये." तिला कळत होतं. स्वतःच्या हाताने करवत नव्हतं. मी फोन तसाच खिशात ठेवला आणि नंतर काही न पुसता वहिनींकडे दिला.

त्या दुखण्यात तपासण्या झाल्या आणि फुप्फुसात गाठ सापडली. दुसराच कॅन्सर, असं डॉक्टर म्हणाले. फार काही करण्यासारखं उरलं नव्हतं.

घरी आल्यावर मुलगी त्याच्याशी नीट बोलेना. त्याची सगळी कामं करायची, औषधं द्यायची, पण नजरेला नजर द्यायची नाही. बरं वाटायला लागल्यावर एक दिवस तो तिला रिक्षाने खडकवासल्याला घेऊन गेला. धरणाच्या भिंतीजवळ कणीस-भजीवाल्यांची गर्दी असते, तिथे कठड्यावर दोघं बसले. त्याने खिशातून यंत्र काढलं आणि तो तिच्याशी बोलला. तिच्यासमोर त्याने ते कधीच वापरलं नव्हतं. हे सगळं तिने मला नंतर सांगितलं.

"लोक वळून बघत होते, काका. एका बाईने तिच्या मुलाला लांब ओढलं. तरी बाबा बोलत राहिले."

"काय म्हणाला?"

"म्हणाले, टेपवरचा तो मुलगा तुला ओळखत नाही. त्याचं लग्नसुद्धा झालेलं नाही. मी ओळखतो. माझं ऐक."

मग तिने त्याला सगळं विचारलं, आजीचं, बँडचं, तिच्या जन्माचं. यंत्राची बॅटरी संपेपर्यंत तो बोलला. त्यानंतर शेवटच्या दिवसापर्यंत घरात तो यंत्र लावूनच बोलायचा. तो आवाज शेवटपर्यंत भयंकरच राहिला, त्याची कुणाला सवय झाली असं मी म्हणणार नाही. मीही फोनवर तो ऐकला की मोबाईल कानापासून थोडा लांब धरायचो.

उन्हाळा संपायच्या आत तो गेला. शेवटचे काही दिवस वाईट होते, त्याबद्दल लिहीत नाही. विहारात जमलो तेव्हा कुणीतरी अल्बममधलं गाणं लावूया म्हणालं. मुलगी म्हणाली, "नको." भन्तेजींच्या मागे सगळ्यांनी त्रिशरण-पंचशील म्हटलं आणि लोक पांगले.

बिबवेवाडीच्या मुलाला अल्बमची नवी आवृत्ती काढायची होती. तो वहिनींना भेटायला आला, मी होतोच. वहिनी म्हणाल्या, "काढा. फक्त ते गेलेत असं मोठ्या अक्षरात छापा. नाहीतर लोक गायला बोलावत राहतील."

त्याने छापलं. तरी गेल्या महिन्यात एका कॉलेजातून मला फोन आला. त्यांना त्यांच्या फेस्टिव्हलला आमचा बँड हवा होता. मी सांगितलं की गाणारा गेला, लीड गिटारवाला त्याच्याही आधी गेला, आणि मी ड्रमची काठी हातात धरून जमाना झाला. पोरगं गडबडलं, सॉरी सर, सॉरी सर म्हणत राहिलं. मग म्हणालं, "सर, पण ते बापाच्या झोपेचं गाणं आहे ना, ते आम्ही वाजवलं तर चालेल का?"

मी म्हणालो, वहिनींना विचारून सांगतो.