उरेब कापलेला उजेड

ब्लाउजचा गळा खांद्यावरून घसरत असेल तर बुऱ्हाणपुरातल्या बायका सोजरबाईंकडे जातात. नवरा गेल्यावर त्या धाकट्या भावाकडे, भाईदासकडे राहायला आल्या, तेव्हा सोबत फक्त शिलाई मशीन आणलं. त्याला आता तीस वर्षं झाली. बोटभर चिंधीसुद्धा त्यांच्या हातून वाया जात नाही. उरलेल्या तुकड्यांतून त्यांनी निम्म्या गल्लीच्या उशा भरून दिल्यात.

खंडेनवमीला त्या घरातली सगळी हत्यारं पुजतात. मशीन, कात्री, टेप, भाईदासचा केळी कापायचा विळा, ट्रॅक्टरची चावी, सगळं पाटावर मांडायचं आणि एकेकाला हळदकुंकू लावायचं. यंदा भाईदासची मुलगी चारुलता बंगळुरूहून सुटीला आली होती, म्हणून तिचा लॅपटॉपही पाटावर आला. चारुलता झेंडू आणायला बाजारात गेली होती. तिच्या बॅगेत मऊ डबीत तिच्या कामाचा एक जाड काड्यांचा चष्मा होता. सोजरबाईंनी विचार केला, पोरीचं पोट ज्याच्यावर आहे ते हत्यारच की, आणि तोही पाटावर मांडला.

बरं, कुंकू लावतानाही त्यांनी अक्कल चालवली. भिंगाला लावलं तर पोरीला दिसणार नाही, म्हणून काडीच्या आतल्या अंगाला ज्वारीच्या दाण्याएवढी काच होती, तिथं अगदी हलकं बोट टेकवलं. कुंकू जरा ओलं होतं, ओघळायला लागलं. त्यांनी पदराचं टोक भिजवून पुसलं. पुसताना माशाच्या खवल्यासारखं काहीतरी पदराला चिकटून निघालं. नव्या मालावर प्लास्टिक असतंच, ते काढलं, असं समजून त्यांनी समाधानानं अक्षता वाहिल्या.

चारुलता आली, तिनं पाटाकडे पाहिलं, आणि झेंडूची पिशवी हातातच घेऊन खाली बसली.

हळूहळू सगळं बाहेर आलं. तो चष्मा नमुन्याचा होता. घातला की समोरच्या भिंतीवर, झाडावर, हवेत अक्षरं तरंगताना दिसायची. संध्याकाळी चार वाजता परदेशातली माणसं व्हिडिओ कॉलवर तो बघणार होती. पसंत पडला तर चारुलताच्या तीन वर्षांच्या कामाला पुढची वाट, नाहीतर ते काम तिथंच बंद. आणि तिचं तीन वर्षांचं काम म्हणजे पदराला चिकटलेली ती खवल्यासारखी पट्टी.

"ताई, मागच्या साली तू ट्रॅक्टरच्या सायलेन्सरला कुंकू लावलं, तो निदान चालू तरी झाला," भाईदास म्हणाला.

"तू केळी बघ तुझी," सोजरबाई म्हणाल्या. पण आवाजात नेहमीचा जोर नव्हता. खवला परत लावायचा म्हटलं तर तो घडी पडून पार चुरगळला होता. आत्याला रागवावं इतकंही बळ चारुलतामध्ये उरलं नव्हतं, आणि सोजरबाईंना तेच जास्त लागलं. त्यांनी देव्हाऱ्यातल्या इच्छादेवीपुढं हात जोडले, मग पोरीजवळ येऊन बसल्या. ती पट्टी काय काम करत होती, ते मला समजेल असं सांग, म्हणाल्या.

चारुलतानं सांगितलं. उजेड दोन तऱ्हांनी थरथरतो, उभा आणि आडवा. भिंगाच्या काचेतून डोळ्यापर्यंत जी वाट आहे, ती फक्त आडव्याला आत घेते. उभा दारातूनच परत. म्हणजे अर्धा उजेड फुकट, अक्षरं फिकी, उन्हात तर दिसतच नाहीत. त्या दाण्याएवढ्या काचेपाशी उभा उजेड वेगळा काढलेला असतो. पट्टी त्याला आडवा करून आत पाठवायची.

सोजरबाईंना यात अवघड काही वाटलं नाही. पावरलूमच्या गावात उभा धागा आणि आडवा धागा कुणाला समजवावा लागत नाही. फुकट जाणारा अर्धा माल पोरगी कामाला लावते, हे तर त्यांना एकदम पटलं.

"मग दुसरी पट्टी करू. कशाची असते?"

चारुलता आधी हसली, मग थांबली. असली करामत काही साध्या पारदर्शक कागदांतही असते, हे तिला कॉलेजातलं आठवलं. तिनं भाईदासचा नवा गॉगल मागून घेतला आणि लॅपटॉपच्या पडद्यासमोर फिरवला. पडद्याचा उजेड एकाच तऱ्हेचा असतो, आणि असला गॉगलही एकाच तऱ्हेचा आत घेतो; दोन्ही जुळेनात तशा एका ठिकाणी पडदा काळाठिक्कर दिसायला लागला. आता मध्ये कागद धरायचा; अंधारातून पडदा पुन्हा उजळला, तर तो कागद कामाचा.

मग घरात झडती सुरू झाली. केळीच्या वेफर्सची पिशवी नापास. साडीचं कव्हर नापास. बांगड्यांच्या डब्यावरच्या कागदानं पडदा थोडा निळसर झाला आणि थांबला. शेवटी सोजरबाईंनी अगरबत्तीच्या पुड्यावरचा कुरकुरीत कागद काढून गॉगलपुढं धरला, आणि पडदा लख्ख झाला. भाईदासनं गॉगल परत मागितला, तो काही मिळाला नाही.

चारुलता ऑफिसातल्या साहेबांना खरं काय ते कळवायला फोन घेऊन बाहेर गेली. तेवढ्यात सोजरबाईंनी कामाला हात घातला. कागदाच्या कडेला कड लावून, काही वाया न घालवता दाण्याएवढे दहा तुकडे कापून ठेवले. चारुलतानं एकेक चिमट्यानं काचेवर सरळ बसवून पाहिला. दहाही ठार आंधळे, अक्षरं फिकीच.

"अगं, आत्ता तर लख्ख झालं होतं," सोजरबाई म्हणाल्या.

"तेव्हा तुम्ही हातात तिरपा धरला होता, आत्या. कागद ओढून बनवतात, त्याची एक दिशा असते. ती उभ्या-आडव्याच्या बरोबर मधोमध पाहिजे. पंचेचाळीस अंश. एवढ्याशा तुकड्यात तो कोन हातानं कोण कापणार? और टाइम भी नहीं है."

सोजरबाईंनी तिच्याकडे बघितलं.

"मग उरेब म्हण ना. सकाळपासून काय इंग्रजी लावलंस?"

गळ्याची पट्टी कापड तिरपं धरूनच कापतात, त्यालाच उरेब म्हणतात. तशी कापली तरच ती वळणावर मुकाट बसते. आयुष्यात सोजरबाईंनी जेवढे गळे केले, तेवढ्या उरेब पट्ट्या कापल्या होत्या. फक्त उरेब कापताना कोपरे वाया जातात, म्हणून अगरबत्तीच्या कागदावर तो खर्च करायचं त्यांच्या मनात आलं नव्हतं. आता त्यांनी वर्तमानपत्राचा कोपरा काठाला जुळवून दुमडला, घडीवर नख फिरवलं, त्या मापावर कागद ठेवला आणि दोरा कापायच्या छोट्या कात्रीनं एकच तुकडा कापला. कोपरे खाली पडले, त्यांच्याकडे बघितलंही नाही.

चारुलतानं तो बसवला, दोन टोकांना रंग नसलेल्या नेलपॉलिशचे ठिपके दिले आणि चष्मा डोळ्याला लावून खिडकीकडे तोंड केलं. सोजरबाईंच्या ओठांत देवीचं नाव चालू होतं.

"दिसतंय. उन्हात दिसतंय."

चार वाजता भिंगामागं मोबाईलचा कॅमेरा धरून तिनं सगळं दाखवलं. समोरच्या पांढऱ्या भिंतीवर ऊन होतं, तरी हिरवी अक्षरं वाचता येत होती. अगरबत्तीचा कागदही तिनं लपवला नाही. पलीकडच्या एक चष्मेवाल्या बाई हसल्या. असल्या कागदावर एवढं होतं तर खऱ्या पट्टीवर किती होईल, ती लावून नमुना आम्हाला पाठवा, असं म्हणाल्या. आणि पट्टी कापणाऱ्या बाईंना बघायचंय, असंही.

सोजरबाईंनी पदर सारखा केला आणि पडद्यासमोर आल्या. नमस्कार झाला. काही सांगायचंय का, असं विचारल्यावर त्यांनी हो म्हणून मान हलवली. चारुलतानं भाषांतर करायची तयारी केली.

"त्यांना सांग, पट्टीचं काम चांगलं आहे, पण कडेला दुमडायला जादा माया ठेवलेली नाही. पदर लागला की निघते. दोन सूत जास्त घ्या आणि आत दुमडा."

चारुलतानं सांगितलं. पलीकडच्या बाईंनी वही ओढली आणि ते खरंच लिहून घेतलं.