दोन स्टार आणि एक फसलेली किक

मंडळी, आज सकाळी आमच्या टार्निट उपनगरातल्या मैदानावर मी फोन धरून उभा होतो. व्हिडिओ कॉलवर अमेरिकेतल्या एका कॉलेजचे अमेरिकन फुटबॉलचे कोच होते; त्यांना लांब आणि उंच किक मारणारा खेळाडू हवा होता. कॉलेजांसाठी खेळाडूंना गुण देणाऱ्या रिक्रूटिंगच्या वेबसाइटने आमच्या ओंकारला पाचपैकी दोनच स्टार दिलेत. आज त्याची निवड ठरणार होती.

ओंकारची तिसरी किक वाऱ्याने भरकटली आणि बॉल कुंपणावर आदळला. कोचना दिसू नये म्हणून मी पटकन कॅमेरा वळवला.

"बाबा, डोन्ट!" ओंकार ओरडला.

कोच म्हणाले, "फोन त्याच्यावरच ठेवा. फसल्यावर तो काय करतो, तेच बघायचंय."

ओंकारने बॉल आणला, वाऱ्याचा अंदाज घेतला आणि पुन्हा मारला. बॉल कितीतरी वेळ आकाशातच होता.

"हा मुलगा आम्हाला हवाय," कोच म्हणाले.

स्टारचा विषयसुद्धा निघाला नाही. मी अजून थक्क आहे. आपल्या मुलांना फसताना तुम्ही कधी इतकं नीट पाहिलंय?