चाळीस राक्षस आणि एक वाजताचं जेवण

मे महिन्यातल्या एका रविवारी, सकाळी साडेदहाला, बदलापुरात शिरगावच्या आमच्या घरी चाळीस राक्षस आले. त्यांचा सरदार वेगळा. हजर माणसं सात: मी, बायको सुमन, लेक मुक्ता आणि तिचे चार मित्रमैत्रिणी.

हा खेळ असा: मुक्ता गोष्ट सांगते, चौघे त्यातले योद्धे होतात आणि कोणाचा वार लागला ते वीस बाजूंचा फासा ठरवतो. गोष्ट वर्षभर चालली होती. योद्ध्यांपैकी साहिल (उल्हासनगर, कॅम्प चार) दुसऱ्या दिवशी नोकरीसाठी बंगळुरूला निघणार होता. म्हणून शेवटची लढाई आजच संपायला हवी होती. आणि एक वाजता त्याच टेबलावर माझे साडू शरदराव जेवायला येणार होते!

"एका राक्षसाला किती वेळ लागतो?" मी विचारलं.

"दीड मिनिट, बाबा."

"चाळीस गुणिले दीड, साठ मिनिटं! म्हणजे तुझ्या राक्षसांचा एकेक वार होईपर्यंत साडेअकरा. सरक बाजूला."

(मी अंबरनाथच्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळतो. न मोजता मी वॉशरसुद्धा कोणाला देत नाही.)

मी तीन नियम केले. दहा राक्षसांना मिळून एकच फासा. योद्ध्याला विचाराला तीस सेकंद, नाहीतर पाळी गेली. जखम किती मोठी यासाठी वेगळा फासा नाही, सरसकट पाच गुणांची. पहिली फेरी अकरा मिनिटांत!

"अंकल, आप तो मशीन हो," साहिल म्हणाला. मी चक्क लाजलो.

अडचण एकच. राक्षस म्हणजे कागदाच्या चिठ्ठ्या होत्या. सुमनने बाहेर येऊन पंखा पाचवर केला आणि अख्खी फौज सोफ्याखाली गेली. शोधण्यात नऊ मिनिटं! मग मी ओट्यावरची काजूंची वाटीच उचलून आणली, मोजून चाळीस. सरदार म्हणून एक खजूर. मेलेला वाटीत, जिवंत टेबलावर. काजू काही उडत नाही.

"बाबा, आईला विचारलंत?"

"लढाईत कोणी विचारत बसतं का?"

साडेबाराचा आकडा: वाटीत तेवीस, टेबलावर सतरा आणि सरदार. वेळेत बसत होतं. तेवढ्यात बेल वाजली. शरदराव, अर्धा तास आधी! मेव्हणी अजून जिन्यातच होती. हे थेट येऊन टेबलाशी बसले.

"पाया पडा रे काकांच्या," मी म्हणालो. (ही चूक सर्वस्वी माझी.)

पाचही पोरं ओळीने वाकली. "मोठे व्हा, मोठे व्हा," म्हणत शरदराव एकेकाच्या डोक्यावर हात ठेवत होते आणि मधेमधे तोच हात टेबलावर जात होता. मी त्या वेळी वहीत 'शिल्लक सतरा' लिहीत होतो.

पोरं सरळ उभी राहिली. टेबलावर सहा काजू.

"बी कुठे टाकू?" शरदरावांनी विचारलं.

"अंकल बॉस को खा गए!" साहिल ओरडला.

"काका, तुम्ही अकरा राक्षस खाल्लेत," मुक्ता म्हणाली.

"असं होय? मला वाटलं काजू आहेत."

"हे धरता येणार नाही!" मी म्हणालो. "यांनी फासा टाकलेला नाही! अकरा काजू परत मांडा. सुमन, काजूचा डबा कुठाय?"

आतली फोडणी थांबली. "डब्यात एकही नाही. होते ते सगळे पुलावासाठी वाटीत काढले होते. अहो, माझी वाटी कुठाय?"

मी तीस सेकंद विचार केला. पाळी गेली.

शेवटी मुक्तानेच निकाल दिला. "आभाळातून एक हात आला आणि सरदाराला घेऊन गेला. सरदारच गेल्यावर उरलेले सहा कशाला लढतील? पळाले! संपली लढाई."

साहिल टाळ्या वाजवत उठला, मग डोळे पुसत बसला. "अंकल, क्या एंट्री मारी!" असं म्हणून तो शरदरावांच्या पुन्हा पाया पडला. बारा सत्तेचाळीसला टेबल पुसून तयार.

मग जिंकल्याचे गुण वाटले गेले. मारलेल्या राक्षसामागे दहा, सरदारामागे शंभर. शरदरावांना एका मिनिटात दोनशे दहा!

"याचं काय करायचं असतं?" त्यांनी विचारलं.

माझ्या तीन नियमांना शून्य. मेलेले तेवीस आणि पळालेले सहा, असे एकोणतीस काजू सुमनने पुलावात घातले आणि पोरांनाही जेवायला बसवलं. एकूण पानं नऊ. काजू आठ पानांत आले. नववं माझं होतं. मी दोनदा चाळून पाहिलं.