बोटांना पाठ असलेली पानं

प्रकाशकाच्या कचेरीत त्यांना सगळे काकू म्हणत. वयाने मोठे असलेले मुद्रितशोधकसुद्धा. त्यांच्या टेबलावर जुना, जाडजूड कॉम्प्युटर होता. निळा पडदा, पांढरी अक्षरं, बाकी काही नाही. मजकूर उचलायचा, खोडायचा, खालचा वर न्यायचा, सगळं कळा दाबून. कुठली कळ कुठलीबरोबर दाबायची हे त्यांच्या बोटांत इतकं मुरलं होतं, की टाइप करता करता त्या पुस्तकातच उतरत. दुपारचं ऊन भिंतीवरून सरकत जाई, चहा निवून जाई, आणि काकू कुठल्याशा नदीकाठी पोचलेल्या असत.

नवे कॉम्प्युटर आले तेव्हा संपादकबाईंनी हौसेने त्यांच्या हातात माऊस दिला. काकूंनी महिनाभर मन लावून प्रयत्न केला. पण हात कळांवरून उठून पडद्यावरचा तो बाण शोधत फिरला, की परत येईपर्यंत वाक्य विरून गेलेलं असे. गाढ झोपेत कुणी खांद्याला धरून हलवावं, तसं व्हायचं. शेवटी त्यांनी जुनं यंत्र मागच्या खिडकीपाशी मांडून घेतलं.

"राहू द्या माझं खूळ," त्या म्हणाल्या.

संपादकबाई हसल्या, पण नाही म्हणाल्या नाहीत.

मग एक प्राध्यापक आले. सगळं आयुष्य शेवाळाच्या अभ्यासात गेलेलं. पक्षाघाताने उजवा हात लुळा पडला होता आणि शब्द तोंडातच अडखळत. शेवटचं पुस्तक तेवढं सांगून लिहून घ्यायचं होतं. दोन टायपिस्टांनी हात टेकले. पडद्याकडे बघावं तर सरांचं बोलणं कळेना, सरांकडे बघावं तर बाण हरवे.

काकू त्यांच्यासमोर बसल्या, नजर सरळ त्यांच्या ओठांवर ठेवून.

"ते... दगडाचं... वर," सर म्हणत, आणि दगडावरच्या शेवाळाचा परिच्छेद मुकाट्याने वर सरके.

"थकलात का?" काकू विचारत.

"शेवाळ... अजून ओलं आहे," सर म्हणत.

खोलीत हिरवा गारवा दाटल्यासारखा वाटे. कितीदा तरी सरांच्या तोंडून शब्द बाहेर पडण्याआधीच काकूंच्या बोटांना तो कळलेला असे. तरी त्या थांबत. शब्द सरांचाच यायला हवा होता.

असं चौदा महिने चाललं. पुस्तक छापून आलं त्या दिवशी सरांच्या पत्नी भेटायला आल्या.

"घरात हे गप्पच असायचे," त्या म्हणाल्या. "बोलायचे ते इथे येऊन. खरं सांगू, मला जरा हेवाच वाटायचा तुमचा."

काकूंनी स्टूल पुढे ओढलं, त्यांना शेजारी बसवलं आणि पडद्यावर पहिलं पान उघडलं. दोघी वाचत राहिल्या. काकूंच्या एका बोटाखाली पानामागून पान संथपणे वर सरकत गेलं.