गिरणीपासून फाटकापर्यंत

बाबांची टू-स्ट्रोक स्कूटर ते गेल्यापासून जिन्याखाली गंजत पडली होती. तीन महिने गॅरेजच्या खेपा घातल्या, सगळे रविवार घालवले, तेव्हा कुठे काल ती धुराचा लोट सोडत सुरू झाली. आनंद व्हायला हवा होता. मला नुसता थकवा आला.

"घराजवळ आलात की पेट्रोलचा कॉक आधीच बंद करा," मिस्त्री म्हणाले. "आतल्या पेट्रोलवर दारापर्यंत जाते."

मला ते ठाऊक होतं. बाबा पिठाच्या गिरणीपाशी वाकून कॉक बंद करायचे आणि स्कूटर बरोबर आमच्या फाटकाशी येऊन थांबायची. रोज.

आज ऑफिसातून येताना मीही गिरणीपाशी वाकलो. स्कूटर दोन घरं आधीच बंद पडली. वारशाने वस्तू मिळते, हाताचा अंदाज मिळत नाही. उरलेलं अंतर ढकलत आणली, स्टँडला लावली आणि वर जायचं सोडून तिच्यावरच बसून राहिलो.

बाबाही उतरण्याआधी असेच बसून राहायचे. आम्ही गॅलरीतून विचारायचो, "काय झालं?" ते म्हणायचे, "काही नाही रे, इंजिन ऐकतोय." आम्हाला ते पटायचं.

गॅलरीतून माझ्या मुलीने हाक मारली, "बाबा, परत बिघडली का?"

"नाही गं. इंजिन ऐकतोय."

ती आत गेली. बंद इंजिनात ऐकण्यासारखं काय असतं, हे आम्ही कधी विचारलं नव्हतं. तिनेही विचारलं नाही.