बंद पडलेला सरकता जिना

आमच्या उपनगरातल्या मॉलमध्ये आता एक औषधांचं दुकान आणि एक एटीएम तेवढं उरलंय. परवा गोळ्या घ्यायला गेले, तर सरकता जिना बंद. पायऱ्यांवर धुळीचा थर. झाडू मारणाऱ्या बाई म्हणाल्या, "चढा की ताई, आता नाही हलत तो."

मॉल नवा होता तेव्हा याच जिन्यापाशी आई थबकली होती. एसटीत चढताना करायची तसाच, वाकून तिनं पायरीला हात लावला आणि कपाळाला टेकवला. मागची माणसं खोळंबली, कुणीतरी फिस्सकन हसलं. मी बाजूला सरकले आणि काचेतल्या साड्या बघत राहिले, जशी काही ती माझी कुणीच नव्हती. आई एकटीच वर गेली, दोन्ही हातांनी कठडा धरून, आणि वरून मला शोधत राहिली.

ज्या झगमगाटापुढे मला आईची लाज वाटली, त्याची ही दशा. आणि आई तर केव्हाच गेली.

आपणही त्या पायरीला हात लावावा, असं फार वाटलं. लावलाही. पण झाडूवाल्या बाई पाठमोऱ्या होईपर्यंत थांबून.